तलम लोकरीचा उबदार गळपट्टा

उबेचे कोडे

दोन्ही टोके जोडून सलग वेढा केलेला, डोक्यावरून घालायचा गळपट्टा म्हणजे काउल. त्याला गाठ मारावी लागत नाही, वाऱ्याने तो सुटत नाही आणि त्याची टोके लोंबत नाहीत. मात्र लोकरीच्या दोन काउलांची तुलना केली की एक कोडे पडते. जाडजूड धाग्याचा, मोठ्या सुयांवर भराभर विणलेला दोनशे ग्रॅमचा काउल बोचऱ्या वाऱ्यात अनेकदा निकामी ठरतो. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीच्या धाग्याचा, पन्नास ग्रॅमचा काउल मात्र त्याच वाऱ्यात मान उबदार ठेवतो. लोकर दोन्हींत तीच असते. मग चौपट वजनाने चौपट ऊब का मिळत नाही?

ऊब धरून ठेवण्याचे काम मुख्यतः लोकरीत अडकलेली हवा करते, आणि किती हवा अडकणार हे उलट आणि सुलट या दोन टाक्यांच्या मांडणीवर बरेचसे अवलंबून असते. तलम धाग्याच्या कापडाला उठाव दिला की थोड्या वजनात भरपूर जाडी मिळते. हा उठाव कसा येतो आणि तो शेवटपर्यंत टिकवायचा कसा, हे समजले की काउल विणताना घ्यावे लागणारे बहुतेक निर्णय सोपे होतात.

थांबलेली हवा

स्थिर हवा उष्णतेची अतिशय मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे चोवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. लोकरीचा तंतू ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो, तेसुद्धा हवेपेक्षा कितीतरी चांगले वाहक आहे. म्हणजे कापडात लोकर ठासून भरली तर ऊब वाढण्याऐवजी घटते. अट एकच, की हवा हलता कामा नये. मोकळी हवा तापली की वर जाते, तिची जागा थंड हवा घेते आणि शरीराची उष्णता तिच्याबरोबर निघून जाते. हजारो बारीक तंतूंच्या जाळ्यात सापडलेल्या हवेला मात्र असे फिरता येत नाही. तंतू जितके बारीक, तितके एका ग्रॅममध्ये त्यांचे पृष्ठ जास्त आणि हवेला होणारा अडथळाही जास्त.

एका काउलचा हिशेब मांडून पाहता येतो. घेर 60 सेंटिमीटर, उंची 25 सेंटिमीटर आणि उठावदार विणीची जाडी 3 मिलिमीटर धरली तर कापडाचे आकारमान 450 घन सेंटिमीटर होते. त्यात लोकर आहे 50 ग्रॅम. लोकरीच्या तंतूची घनता दर घन सेंटिमीटरला 1.31 ग्रॅम असते, म्हणून प्रत्यक्ष लोकरीने व्यापलेली जागा जेमतेम 38 घन सेंटिमीटर. उरलेली नव्वद टक्क्यांहून अधिक जागा हवेची आहे. गळ्याभोवती गुंडाळलेली ही हवा जागच्या जागी राहावी एवढ्यासाठीच सगळा खटाटोप.

जाड धाग्याचा ढिला काउल इथेच कमी पडतो. त्याचे टाके मोठे, म्हणून टाक्यांमधली भोकेही मोठी. घरात बसलेल्या माणसाला तो उबदार वाटतो, कारण हवा तशीही थांबलेली असते. बाहेर वारा सुटला की त्याच भोकांमधून अडलेली हवा धुऊन निघते. तलम धाग्याची भोके लहान असतात, पण साध्या विणीत त्याचे कापड पातळ पडते. ही उणीव उठावदार वीण भरून काढते.

मानेची जागाही या दृष्टीने महत्त्वाची आहे. मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या मानेत त्वचेच्या बऱ्याच जवळून जातात आणि त्यांच्यावर चरबीचे आवरण फारसे नसते. शिवाय अंगावरच्या कपड्यांच्या आत तापलेली हवा वर सरकते आणि गळ्याच्या उघड्या घेरातून बाहेर पडते. काउल ही वाट बंद करतो, त्यामुळे मानेबरोबर आतला सदरा आणि स्वेटरही अधिक ऊब देऊ लागतात. निफाडच्या डिसेंबरमधल्या पहाटे शेतावर जाणारा माणूस सगळ्यात आधी मफलर शोधतो, तो याच कारणाने.

धागा निवडताना

गळ्याची त्वचा नाजूक असते. तिथे सगळ्यात आधी पाहायचे ते लोकर टोचते का. टोचण्याचे कारण ॲलर्जी असावे असे अनेकांना वाटते, पण बहुतेक वेळा ते तंतूच्या जाडीत असते. कापडातून बाहेर आलेले तंतूचे टोक त्वचेला टेकते. तंतू बारीक असेल तर तो वाकतो. जाड असेल तर न वाकता त्वचेत रुततो आणि तिथल्या चेतातंतूंना डिवचतो. तंतूचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे 20 मायक्रॉनऐवजी 40 मायक्रॉनचा तंतू घेतला की ताठपणा दुप्पट होत नाही, सोळापट होतो. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) साधारण 30 मायक्रॉनच्या पुढचे तंतू धाग्यात थोडे जरी असले तरी टोचणी जाणवते.

मेरिनो मेंढीची लोकर बहुधा 17 ते 24 मायक्रॉनची असते. गळ्यासाठी 20 च्या आसपासची उत्तम. दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच भरड. धनगरांनी तिच्यातून घोंगडी घडवली, जी पावसाला तोंड देते, अंथरायला-पांघरायला वर्षानुवर्षे टिकते. त्या कामाला भरड तंतूच हवा. पण हीच लोकर उघड्या गळ्याभोवती सहन होत नाही.

यानंतर धाग्याची घडण. लोकर पिंजून कातली की तंतू वाटेल त्या दिशेने पडतात, धागा फुगीर, हलका आणि हवेने भरलेला होतो. ती विंचरून, तंतू समांतर करून कातली तर धागा गुळगुळीत, मजबूत आणि थोडा जड बनतो. पिंजलेला धागा जास्त उबदार असतो. विंचरलेल्या धाग्यावर टाका अधिक रेखीव उमटतो. उठावदार काउलसाठी बऱ्याच विणणाऱ्या विंचरलेला, तीन किंवा चार पदरी धागा निवडतात, आणि ही निवड पटण्यासारखी आहे: तीन-चार पदर एकत्र पिळले की धागा गोल होतो आणि उलट टाक्याचा दाणा ठसठशीत दिसतो. गेलेली ऊब वीण परत मिळवून देते. एकपदरी धाग्यात पीळ एकाच बाजूचा असल्यामुळे साध्या विणीचे कापड तिरके सरकत जाते, हे लक्षात ठेवलेले बरे.

लोकरीच्या तंतूला निसर्गतः नागमोड असते. तंतूच्या आतले दोन भाग वेगवेगळ्या घडणीचे असतात आणि ते एकमेकांना चिकटून वाढतात, त्यातून ही नागमोड येते. तिच्यामुळे दोन तंतू एकमेकांवर सपाट बसू शकत नाहीत, त्यांच्यात जागा राहते. दाबलेला लोकरीचा गुंडा हात सोडताच पुन्हा फुगतो, तोही तिच्यामुळेच.

बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. लेबलावर खात्री नसेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. खरी लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला नेली की ती विझू लागते आणि मागे बोटांनी चुरडता येणारी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि कडक काळी गुठळी राहते. ॲक्रिलिकही हवा अडवते, पण बाष्प शोषण्याचा लोकरीचा गुण त्यात नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि बाष्प शोषताना थोडी उष्णता बाहेर टाकते. श्वासाचा दमटपणा सतत झेलणाऱ्या काउलसाठी हा गुण मोलाचा आहे.

टाका आणि त्याची ओढ

सुयांवरच्या विणकामात मूळ टाके दोनच. आधीच्या फासातून नवा फास मागून पुढे ओढला की सुलट टाका. पुढून मागे ढकलला की उलट टाका. सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो, उलट टाक्याचा आडवा दाणा दिसतो. प्रत्यक्षात हे एकाच फासाचे दोन चेहरे आहेत. समोरून जो सुलट, तोच मागून उलट.

फासात वाकवलेला धागा स्वस्थ बसत नाही. त्याला सरळ व्हायचे असते, पण शेजारचे फास त्याला धरून ठेवतात. एका बाजूने सगळे सुलट टाके असलेल्या साध्या विणीत प्रत्येक फासाची ओढ एकाच दिशेला असते. हजारो छोट्या ओढी एकत्र येतात आणि कापड वळते: डाव्या-उजव्या कडा मागच्या बाजूला, वरची-खालची कड पुढच्या बाजूला. नवशिक्या माणसाला वाटते आपला हात चुकला. हात कितीही सफाईदार असला तरी ही वीण अशीच वळणार. साध्या विणीच्या काउलची खालची आणि वरची कड गुंडाळली जाते, त्याचेही कारण हेच.

उठाव कुठून येतो

सुलट आणि उलट टाके शेजारी-शेजारी आले की त्यांच्या ओढी परस्परविरुद्ध होतात, आणि इथून विणकामातला सगळ्यात देखणा भाग सुरू होतो. दोन टाक्यांची ओढ कुठे कशी दिसते, यासाठी एकच नियम ध्यानात ठेवायचा. टाके उभ्या स्तंभात मांडले तर सुलट स्तंभ पुढे येतात आणि उलट स्तंभ मागे जातात. आडव्या ओळीत मांडले तर उलट ओळी पुढे येतात आणि सुलट ओळी मागे दबतात.

दोन सुलट, दोन उलट अशी रिब घेऊ. सुलट स्तंभ पुढे सरकतो, उलट मागे. दोन्हींच्या सीमेवर धागा पुढून मागे वळतो आणि कापडाला उभी घडी पडते. अशा घड्या सलग पडल्यामुळे रिब हार्मोनियमच्या भात्यासारखी मिटून बसते. ओढली की उघडते, सोडली की पुन्हा मिटते. धागा ताणला जात नाही, फक्त घड्या उलगडतात. मिटलेल्या अवस्थेत ती साध्या विणीपेक्षा जवळजवळ दुप्पट जाड होते. काउलच्या दोन्ही कडांना रिब घालण्याचा प्रघात यातून आला: डोक्यावरून जाताना कड उघडते आणि गळ्याशी आल्यावर पुन्हा आवळते.

एक ओळ सुलट आणि एक उलट असे आलटून-पालटून आले तर घड्या आडव्या पडतात. हे कापड उंचीत मिटते, ओढले तर खाली-वर ताणते. एक सुलट, एक उलट आणि पुढच्या फेरीत सुलटावर उलट, उलटावर सुलट अशी दाणेदार वीण घेतली तर उभी आणि आडवी दोन्ही ओढी प्रत्येक टाक्यावर झुंजतात, कोणीच जिंकत नाही. कापड सपाट राहते, कडा वळत नाहीत, आणि पृष्ठभागावर दाणे उभे राहतात.

जॉर्जिया टेक या अमेरिकी संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ एलिसाबेता मात्सुमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच चार विणींचा अभ्यास करून 2024 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. टाक्यांचा क्रम बदलला की तेच कापड किती आणि कोणत्या दिशेने ताणले जाईल हे बदलते, असे त्यांनी प्रयोग आणि संगणकीय प्रतिमानांनी दाखवले. पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्यांच्या हातांना माहीत असलेली ही गोष्ट पदार्थविज्ञानाने मोजायला घेतली, याचे समाधान वाटावे असेच आहे.

ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांनी या ज्ञानाचा उपयोग फार पूर्वी केला. तिथल्या कोळ्यांचे गडद निळे, घट्ट विणीचे स्वेटर पाचपदरी धाग्याचे असत. बऱ्याच स्वेटरांत कमरेकडचा भाग साधा आणि छाती-खांद्यांवर उलट-सुलट टाक्यांच्या चौकटी, पायऱ्या, तिरप्या रेघा. समुद्रावरचा वारा जिथे सर्वाधिक लागतो तिथेच कापड सर्वाधिक जाड, आणि जास्तीचा रंग किंवा दुसरा धागा मुळीच नाही. काउलची कल्पना करताना या स्वेटरांइतका चांगला आदर्श दुसरा सापडणे कठीण.

चौकट: विणीचा स्वभाव एका नजरेत
साधी वीण (सगळे सुलट): पातळ, गुळगुळीत, कडा वळतात. काउलच्या मुख्य भागाला कमी उपयोगी.
रिब (दोन सुलट, दोन उलट): जाड, रुंदीत ताणते आणि परत मिटते. कडांसाठी उत्तम.
आडव्या घड्यांची वीण (एक फेरी सुलट, एक उलट): जाड, उंचीत ताणते, काउल गळ्याशी छान बसतो.
दाणेदार वीण: सपाट, वळत नाही, मध्यम जाड.
चौकटींची वीण (चार सुलट, चार उलट, पाच फेऱ्यांनी अदलाबदल): फुगीर, दोन्ही दिशांना थोडी ताणते.

चौकटींची वीण

पुढचा हिशेब या शेवटच्या विणीचा आहे, कारण तलम धाग्यावर ती सर्वाधिक खुलते. पाच फेऱ्यांपर्यंत चार सुलट आणि चार उलट असे टाके येतात. सहाव्या फेरीपासून जिथे सुलट होते तिथे उलट आणि उलटाच्या जागी सुलट. प्रत्येक चौकोनाच्या उभ्या कडेला सुलट बाजू पुढे सरकते आणि आडव्या कडेला उलट बाजू. त्यामुळे एकही चौकोन सपाट राहू शकत नाही. कुठे फुगवटा येतो, कुठे खळगा. प्रत्येक खळग्यात थोडी हवा थांबते आणि त्वचेला कापड सगळीकडे न टेकता फक्त फुगवट्यांवर टेकते. कापडाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात, म्हणून काउल आतून-बाहेरून कसाही घातला तरी चालतो.

नमुना आणि हिशेब

सरळ टाके घालून कामाला लागण्याचा मोह आवरावा. आधी त्याच धाग्याचा, त्याच सुयांवर, त्याच विणीचा हातभर रुंद नाही तरी 15 सेंटिमीटरचा चौकोन विणावा, धुऊन वाळवावा आणि मग मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. हे काम कंटाळवाणे वाटते, पण याच्यावाचून माप हाती येत नाही. शक्य असेल तर हा नमुनाही गोलच विणावा, कारण सपाट विणताना प्रत्येक दुसरी ओळ उलट बाजूने विणली जाते आणि अनेकांचे उलट टाके सुलटांपेक्षा किंचित सैल असतात.

100 ग्रॅममध्ये सुमारे 400 मीटर भरणारा तलम धागा आणि 3.75 मिलिमीटरच्या सुया, म्हणजे जुन्या मापात 9 नंबरच्या, घेतल्या असे समजू. (या जुन्या मापात नंबर वाढला की सुई बारीक होते.) नमुन्यात 10 सेंटिमीटरला 24 टाके आणि 34 फेऱ्या आल्या. 60 सेंटिमीटरचा घेर हवा असेल तर 24 गुणिले 6, म्हणजे 144 टाके. चौकटींची वीण आठ टाक्यांनी पुन्हा येते. 144 ला आठाने बरोबर 18 वेळा भाग जातो. रिबला चाराच्या पटीत टाके लागतात, तेही जुळले. ही संख्या जुळली नाही तर फेरी जिथे संपते तिथे नक्षी तुटते.

प्रौढ माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 55 ते 58 सेंटिमीटर असतो, म्हणून 60 चा काउल सहज उतरतो. आता हात किंचित घट्ट पडला आणि 24 ऐवजी 26 टाके आले असे धरू. तेच 144 टाके आता 55 सेंटिमीटरच होतात आणि काउल कपाळावर अडू लागतो. 10 सेंटिमीटरमागे दोन टाक्यांचा फरक एवढे नुकसान करतो. अशा वेळी टाके बदलण्याऐवजी एक माप जाड सुई घेणे बरे.

हात किती घट्ट असावा, यालाही मर्यादा आहे. फार घट्ट विणले की धागा चेपला जातो, तंतूंमधली हवा निघून जाते आणि कापड कडक होते. फार सैल विणले की भोके वाढतात आणि उठाव टिकत नाही. सुया कापडातून थोड्या प्रयत्नाने सरकाव्यात आणि विणलेला भाग चिमटीत धरल्यावर मऊ फुगीर लागावा, ही कसोटी पुरेशी आहे.

गोल विणकाम

काउल गोल सुईवर विणतात. 40 ते 50 सेंटिमीटर लांबीची, दोन टोकांना जोडणारी लवचीक वायर असलेली सुई लागते. गोल विणताना कापडाची बाहेरची बाजू सतत विणणाऱ्याच्या समोर राहते. सपाट विणकामात साधी वीण हवी असेल तर एक ओळ सुलट आणि मागच्या बाजूने एक ओळ उलट विणावी लागते; गोल विणताना फक्त सुलट विणत गेले की साधी वीण मिळते. म्हणून गोल विणणाऱ्याला उलट टाका मुळीच न शिकताही मोजे विणता येतात. इजिप्तमध्ये सापडलेले मध्ययुगीन सुती मोजे असेच, फक्त सुलट टाक्यांचे आहेत. उलट टाक्याचा निश्चित पुरावा ज्या जुन्या वस्तूंत मिळतो, त्यांत फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दि तोलेदो हिच्या दफनातले लाल रेशमी मोजे महत्त्वाचे आहेत. ती 1562 मध्ये वारली. त्या मोज्यांवर उलट-सुलट टाक्यांची नक्षी आहे. उलट टाका तिथे गरजेपोटी आलेला नाही, नक्षीच्या उठावासाठी आलेला आहे.

टाके घालताना कड सैल ठेवावी. दोन सुया एकत्र धरून किंवा एक-दोन माप जाड सुईवर टाके घातले की कड रिबइतकीच ताणते. नाहीतर रिब कितीही लवचीक असली तरी घट्ट कड तिला उघडू देत नाही. 144 ऐवजी 145 टाके घालावेत आणि जोडताना शेवटचा टाका पहिल्याबरोबर एकत्र विणावा, म्हणजे जोडावर भोक राहत नाही.

जोडण्यापूर्वी सगळ्या टाक्यांच्या गाठी सुईच्या आतल्या बाजूला एका रेषेत आहेत ना, हे पुन्हा पुन्हा तपासावे. कड कुठे सुईभोवती फिरलेली असेल आणि तसेच जोडले गेले तर तो पीळ कापडात कायमचा अडकतो. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत लक्षात आले तर उसवणे हाच उपाय. वीस फेऱ्यांनंतरही उपाय तोच, फक्त मन घट्ट करावे लागते.

गोल विणलेले कापड खऱ्या अर्थाने फेऱ्यांचे नसते. तो एकच सलग चक्राकार जिना असतो, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या सुरुवातीहून एक टाका वर सुरू होते. त्यामुळे चौकटींच्या नक्षीत फेरी सुरू होण्याच्या जागी एका टाक्याची पायरी दिसते. ती विणणाऱ्याची चूक नाही. तिथे मार्कर, म्हणजे खुणेची कडी, अडकवून ठेवावा आणि काउल घालताना ती जागा मानेच्या मागे ठेवावी.

आता क्रम असा: दोन सुलट, दोन उलट रिबच्या 8 फेऱ्या, मग चौकटींच्या दहा-दहा फेऱ्यांची 7 आवर्तने, शेवटी पुन्हा रिबच्या 8 फेऱ्या. एकूण 86 फेऱ्या, म्हणजे साधारण 25 सेंटिमीटर उंची आणि बारा हजारांहून थोडे अधिक टाके. एका टाक्याला सरासरी दीड सेंटिमीटर धागा लागतो असे धरले तर 186 मीटर होतात. कडा आणि टोके धरून पन्नास ग्रॅम. टाके बंद करताना पुन्हा एक माप जाड सुई वापरावी, कारण बंद करण्याची साखळी स्वभावतः कमी ताणते.

25 सेंटिमीटरची उंची मानेच्या लांबीपेक्षा बरीच जास्त आहे, हे मुद्दाम. जास्तीचे कापड खाली घसरून दोन-तीन आडव्या वळ्या पडतात आणि प्रत्येक वळीत हवेचा आणखी एक थर थांबतो. वारा वाढला की वरची कड नाकापर्यंत ओढता येते.

पाण्याची शेवटची फेरी

सुईवरून उतरलेला काउल सुरुवातीला ओबडधोबड दिसतो. टाके लहान-मोठे वाटतात, चौकोन वेडेवाकडे. त्याला कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे. केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे काही दुवे पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. माणसाच्या केसातही केराटिनच असते. ओल्या केसांची वेणी घालून वाळवली की केस कुरळे होतात, ते याच दुव्यांमुळे. पाण्यातून काढलेल्या काउलमध्ये टाके एकमेकांशी जुळवून घेतात, धागा फुलतो, आणि वाळल्यावर तो आकार पुढच्या धुण्यापर्यंत टिकतो.

इथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. जाळीदार शाल ओली असताना टाचण्या लावून ताणतात. उठावदार काउल मुळीच ताणू नये. ओल्या अवस्थेत ताणलेल्या घड्या उलगडलेल्याच वाळतात आणि सगळी मेहनत सपाट होते. टॉवेलमध्ये गुंडाळून, न पिळता, नुसते दाबून पाणी काढावे, सावलीत आडवे पसरावे आणि चौकोन बोटांनी हलकेच वर उचलून ठेवावेत. दोरीवर टांगले तर पाण्याच्या वजनाने काउल लांबतो. त्यावर इस्त्री फिरवणे म्हणजे अडवलेली हवा स्वतःच्या हाताने दाबून बाहेर काढणे.

धुणे आणि जपणे

लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात, त्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली. त्यामुळे तंतू एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडकतो. गरम पाणी, साबण आणि चोळणे एकत्र आले की तंतू पुढे सरकत जातात, मागे येत नाहीत, आणि कापड आटून घट्ट नमदा बनते. घोंगडीला दाटपणा आणण्यासाठी हा गुण कामाला येतो. काउलमध्ये मात्र त्यामुळे टाक्यांमधली हवा कायमची जाते आणि ती परत आणता येत नाही. म्हणून कोमट पाणी, सौम्य साबण आणि चोळण्याऐवजी हलके दाबणे. मशिनमध्ये धुता येईल असे लिहिलेल्या धाग्यात हे खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट करून त्यावर पातळ लेप दिलेला असतो. असा धागा आटत नाही, पण तंतू एकमेकांना धरूनही ठेवत नाहीत, म्हणून ओला झाल्यावर काउल सैल होऊन वाढतो. नमुना धुऊन मोजण्याचे महत्त्व अशा धाग्यासाठी दुप्पट.

लोकर वारंवार धुवावी लागत नाही. दोन वापरांच्या मध्ये ती मोकळ्या हवेत पसरून ठेवली तर शोषलेले बाष्प आणि बराचसा वास निघून जातो. उन्हाळ्यासाठी कपाटात ठेवण्यापूर्वी मात्र काउल धुतलाच पाहिजे. कसरीच्या अळ्या केराटिन खातात आणि घामाचे, तेलाचे डाग असलेल्या जागी त्या अधिक फोफावतात. पूर्ण वाळलेला काउल घडी न दाबता बंद पिशवीत ठेवावा आणि पावसाळा संपला की एकदा बाहेर काढून झटकावा.